वेब ॲपमधलं सिरियलायझेशन: लायब्ररी बदलण्याआधी करायची कामं

सिरियलायझेशन म्हणजे प्रोग्रॅममधला डेटा पाठवता येईल अशा मजकुरात किंवा बाइटमध्ये बदलणं. वेबवर हा मजकूर बहुधा 'जेसन' फॉरमॅटमध्ये असतो. एपीआय, म्हणजे ब्राउझरला किंवा ॲपला डेटा देणारा सर्व्हरचा भाग, मंद झाला की बहुतेक जण आधी जेसनची लायब्ररी बदलतात. पायथॉनमधली अंगभूत 'जेसन' काढून 'ओआरजेसन' बसवली जाते, दोन-चार ठिकाणी तारखा मोडतात, त्या दुरुस्त होतात, आणि शेवटी लक्षात येतं की पान पूर्वीइतक्याच वेळात उघडतंय. वेळ तिथे जातच नव्हता. तो जात होता डेटाबेसकडे मारलेल्या शंभर हेलपाट्यांत आणि कुणी न मागितलेल्या वीस फील्डमध्ये.

म्हणून या लेखात कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. काय पाठवायचं ते आधी ठरवायचं. ते डेटाबेसमधून कसं आणायचं, कोणत्या प्रकारात लिहायचं आणि किती बाइटमध्ये पाठवायचं हे त्यानंतर. क्रम उलटा केलात तर प्रत्येक पायरीवर मागचं काम पुन्हा करावं लागेल.

उदाहरणासाठी एका वाचनालयाचं ॲप घेऊ. सर्व्हर पायथॉन आणि जँगोवर, सोबत जँगो रेस्ट फ्रेमवर्क, समोर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. स्क्रीन एकच: पुस्तकांची यादी, एका पानावर ५० पुस्तकं. तुमचा सर्व्हर पीएचपी किंवा नोडवर असेल तर फंक्शनांची नावं बदलतील, चुका बहुतेक याच असतील.

## तयारी

तीन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, खऱ्यासारखा डेटा. पाच पुस्तकांच्या टेस्ट डेटाबेसवर सगळंच वेगवान दिसतं. निदान काही हजार नोंदी हव्यात, आणि त्यांत मराठी नावं हवीत. 'टेस्ट बुक वन' अशा नावांनी पाचव्या पायरीतली एकही चूक सापडणार नाही. दुसरी, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मोजणारं साधन. जँगोत डीबग टूलबार पुरतो. तिसरी, आज चालू असलेल्या प्रतिसादाची एक प्रत फाइलमध्ये. काम संपल्यावर तिच्याशी नवा प्रतिसाद ताडायचा आहे.

## १. आधी मोजा, आणि तुकड्यातुकड्यात मोजा

'एपीआयला ८०० मिलिसेकंद लागतात' या माहितीचा काही उपयोग नाही. चार आकडे वेगळे काढा: डेटाबेसचा वेळ, मॉडेलच्या ऑब्जेक्टपासून साध्या डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या) बनायला लागलेला वेळ, डिक्शनरीचे जेसन बाइट बनायला लागलेला वेळ, आणि ते बाइट ग्राहकापर्यंत पोचायला लागलेला वेळ.

तिसरा आकडा, म्हणजे खुद्द जेसन बनवणं, यादीच्या पानांवर बहुतेकदा सगळ्यांत लहान निघतो. तसा निघाला तर सहाव्या पायरीची, म्हणजे लायब्ररी बदलण्याची, घाई नको.

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रतिसादाचे दोन आकार दिसतात, एक तारेवरून आलेला आणि एक उलगडल्यानंतरचा. दोन्ही लिहून ठेवा. ते जवळजवळ सारखे असतील तर काँप्रेशन बंद आहे. त्याकडे सातव्या पायरीत येऊ.

तपासणी: चारही आकडे कागदावर आहेत? क्वेरींची संख्या लिहिली? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. फील्डची यादी हाताने लिहा

सिरियलायझरमध्ये, म्हणजे कोणती फील्ड बाहेर पाठवायची ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'सगळी फील्ड' असं लिहायची सोय आहे. ती वापरू नका. आज टेबलात दहा रकाने आहेत. सहा महिन्यांनी कुणीतरी 'अंतर्गत शेरा' किंवा 'खरेदी किंमत' असा रकाना वाढवेल आणि तो त्याच दिवशी न विचारता बाहेर जाऊ लागेल. यात वेगापेक्षा सुरक्षिततेचं नुकसान मोठं.

स्क्रीन समोर ठेवा आणि तिच्यावर खरोखर काय दिसतं ते लिहा. आमच्या यादीत पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, उपलब्ध प्रती आणि मुखपृष्ठाचा पत्ता, एवढंच दिसतं. प्रस्तावनेतला उतारा, लेखकाचा परिचय, प्रकाशकाचा पत्ता हे पुस्तकाच्या स्वतंत्र पानावर लागतं. म्हणून यादीसाठी एक सिरियलायझर आणि तपशिलासाठी दुसरा. 'एकच ठेवू, पुनरावृत्ती टळेल' हा मोह होतो. पण इथे दहा ओळींची पुनरावृत्ती परवडते, ५० उतारे विनाकारण पाठवणं परवडत नाही.

मुखपृष्ठाचं चित्र बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जेसनमध्येच कोंबणारेही भेटतात. त्यात दर तीन बाइटचे चार होतात, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. शिवाय ते चित्र ब्राउझरला वेगळं कॅश करता येत नाही. जेसनमध्ये फक्त चित्राचा पत्ता द्या.

इशारा: नेस्टिंगची, म्हणजे एका ऑब्जेक्टमध्ये दुसरा गुंतवण्याची, खोली आकड्याने देण्याची सोयही टाळा. पुस्तकातून लेखक, लेखकातून त्याची सगळी पुस्तकं, त्यातून पुन्हा लेखक असं जाळं नकळत विणलं जातं. लेखक हवा असेल तर त्याचा क्रमांक आणि नाव एवढंच स्पष्ट लिहा.

## ३. डेटाबेसचे हेलपाटे थांबवा

सर्वांत जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून इथे जरा थांबू.

यादीची एक क्वेरी ५० पुस्तकं आणते. मग सिरियलायझर पहिल्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव मागतो. ते मेमरीत नसतं, त्यामुळे जँगो मुकाट्याने दुसरी क्वेरी करतो. ५० पुस्तकांना ५० क्वेरी. प्रकाशकही हवा असेल तर आणखी ५०. एकूण १०१. कोडमध्ये यातली एकही दिसत नाही, दिसतो तो फक्त 'पुस्तक' आणि 'लेखक' यांच्यामधला टिंब.

क्रम असा ठेवा:

अ) एका पुस्तकाला एकच प्रकाशक, अशा नात्यांसाठी 'सिलेक्ट रिलेटेड'. यात दोन्ही टेबलं जोडली जाऊन (जॉइन) सगळं एकाच क्वेरीत येतं.

आ) एका पुस्तकाचे अनेक लेखक किंवा अनेक प्रती, अशा नात्यांसाठी 'प्रीफेच रिलेटेड'. यात प्रत्येक नात्यासाठी एक जादा क्वेरी होते, पुस्तकं ५० असोत की ५००.

इ) मोजणी हवी असेल, जसं 'उपलब्ध प्रती', तर ती डेटाबेसकडूनच 'ॲनोटेट' करून आणा. आकड्यासाठी सगळ्या प्रती मेमरीत ओढू नका.

ई) शेवटी, नको असलेले जाडजूड रकाने 'ओन्ली' वापरून वगळा.

चुका मुख्यतः दोन होतात. पहिली अशी: प्रीफेच केलेलं असतं, तरी सिरियलायझरच्या मेथडमध्ये कुणीतरी 'फिल्टर' लिहितं, म्हणजे 'या पुस्तकाच्या प्रतींपैकी चांगल्या स्थितीतल्या'. फिल्टर लागताच आधी आणलेला डेटा बाजूला पडतो आणि प्रत्येक पुस्तकामागे पुन्हा नवी क्वेरी जाते. अट प्रीफेचमध्येच द्या, जँगोत त्यासाठी 'प्रीफेच' नावाचा वेगळा ऑब्जेक्ट आहे. दुसरी चूक 'ओन्ली'ची. वगळलेला रकाना सिरियलायझरने मागितला तर एरर येत नाही, दर ओळीमागे एक क्वेरी होते. म्हणजे काटकसर करायला गेलात आणि खर्च वाढवून आलात. म्हणूनच 'ओन्ली' सर्वांत शेवटी, फील्डची यादी पक्की झाल्यावर.

यादी फक्त वाचण्यासाठी असेल, कसलीही पडताळणी नको असेल, तर आणखी एक मार्ग आहे: मॉडेलचे ऑब्जेक्ट न बनवता 'व्हॅल्यूज'ने थेट डिक्शनरी घ्या. पहिल्या पायरीतला दुसरा आकडा मोठा निघाला असेल तर याचा फायदा लगेच दिसतो.

तपासणी: क्वेरींची संख्या बांधून ठेवणारी टेस्ट लिहा. १० पुस्तकांना जितक्या क्वेरी, तितक्याच ५० पुस्तकांना व्हायला हव्यात. संख्या वाढली तर कुठेतरी गळती आहे. ही टेस्ट नसेल तर तीन महिन्यांनी कुणीतरी एक फील्ड वाढवेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

## ४. प्रत्येक फील्डचा प्रकार ठरवा

जेसनमध्ये स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, यादी आणि ऑब्जेक्ट एवढंच आहे. तारीख नाही, दशांशातली अचूक रक्कमही नाही. जे नाही ते कसं लिहायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं. ठरवलं नाहीत तर लायब्ररी ठरवते.

क्रमांक. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक म्हणून भरवशाची असते. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला की ब्राउझरमध्ये तो शेवटी ९९२ होतो, आणि कुठेही एरर येत नाही. ६४ बिटी ओळखक्रमांक असतील तर ते स्ट्रिंग म्हणून पाठवा. ट्विटरने २०१० मध्ये असे मोठे क्रमांक आणले तेव्हा याच कारणाने प्रत्येक क्रमांकासोबत त्याचं स्ट्रिंग रूपही द्यायला सुरुवात केली होती. बँक खात्याचे क्रमांक आणि फोन नंबरही स्ट्रिंगच. त्यांची बेरीज कुणी करत नाही, आणि सुरुवातीचं शून्य गेलं की क्रमांकच चुकतो.

रक्कम. ०.१ आणि ०.२ यांची फ्लोटमधली, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या अंदाजे दशांश संख्यांमधली, बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. वाचनालयाचा दंड लहान असला तरी पावती जुळली पाहिजे. रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून पाठवा किंवा स्ट्रिंग म्हणून. जँगो रेस्ट फ्रेमवर्क डेसिमल मुळातच स्ट्रिंग करून पाठवतं. अनेक जण 'संख्या हवी' म्हणून ते सेटिंग बंद करतात. करू नका.

तारीख आणि वेळ. घटना केव्हा घडली, म्हणजे पुस्तक नेलं किंवा परत केलं, ती वेळ आयएसओ ८६०१ पद्धतीने आणि टाइमझोनसकट लिहा. नुसती तारीख, जसं जन्मतारीख किंवा परतीची तारीख, ती मात्र तारीखच राहू द्या. तिला वेळ चिकटवली की घोळ सुरू होतो. भारतात बसलेल्या सभासदाने १५ ऑगस्ट निवडली की कॅलेंडर बहुधा स्थानिक मध्यरात्र धरतं. जावास्क्रिप्टच्या 'टू आयएसओ स्ट्रिंग'मधून ती गेली की होते १४ ऑगस्ट, सायंकाळी १८:३० यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). पहिली दहा अक्षरं कापून घेतली की तारीख एक दिवसाने मागे. उलट दिशेनेही हेच होतं. सर्व्हरने नुसती '२०२४-०८-१५' पाठवली तर जावास्क्रिप्टचा 'डेट' तिला यूटीसी मध्यरात्र मानतो. पुण्यात तारीख बरोबर दिसते, न्यू जर्सीत बसलेल्या सभासदाला १४ ऑगस्ट दिसते. असा बग पुण्यात बसून कधीच सापडत नाही.

नॅन. सरासरी काढताना 'नॅन' ('संख्या नाही' असं मूल्य) आलं, तर पायथॉनची अंगभूत लायब्ररी तो शब्द तसाच लिहून मोकळी होते. ते वैध जेसन नाही. ब्राउझर अख्खा प्रतिसाद नाकारतो. 'अलाउ नॅन' बंद करा म्हणजे चूक सर्व्हरवरच पकडली जाईल.

तपासणी: सिरियलाइझ करा, परत उलगडा, मूळ डेटाशी ताडा. पायथॉनमध्ये डिक्शनरीच्या पूर्णांक किल्ल्या या फेरीत स्ट्रिंग होऊन येतात आणि टपलच्या (न बदलता येणाऱ्या याद्यांच्या) साध्या लिस्ट होतात. कॅशमधून वाचलेला डेटा 'सापडत नाही' अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

## ५. देवनागरी मजकूर नीट जातोय का ते पाहा

पायथॉनची अंगभूत लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये ॲस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडची, अक्षरं सांकेतिक खुणांत बदलते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची खूण सहा बाइटची. 'महाराष्ट्र' या शब्दात काना-हलन्त धरून दहा युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये ती ३० बाइटची, या खुणांमध्ये ६० बाइटची. म्हणजे मराठी मजकूर थेट दुप्पट. काँप्रेशननंतर हा फरक पुष्कळ कमी होतो हे खरं, पण रेडिस या मेमरीतल्या साठ्यातल्या कॅशमध्ये, लॉगमध्ये आणि मेमरीत दुप्पट जागा जातेच.

उपाय एका ओळीचा आहे: 'एन्शुअर ॲस्की' खोटं करा. सोबत विभाजकही बदला, कारण मूळ सेटिंग प्रत्येक स्वल्पविराम आणि अपूर्णविराम (:) यांच्यानंतर एक रिकामी जागा सोडते. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये या दोन्ही गोष्टी आधीच केलेल्या असतात. साध्या जँगोच्या 'जेसन रिस्पॉन्स'मध्ये नसतात. एकाच प्रकल्पात दोन्ही वापरले तर एक एपीआय नीट आणि दुसरा दुप्पट जाड, असं चित्र दिसतं. पीएचपीच्या 'जेसन एन्कोड'लाही यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. जावास्क्रिप्टला ही सवय नाही.

इशारा: प्रतिसादाची लांबी हेडरमध्ये हाताने लिहीत असाल तर ती बाइटमध्ये लिहा, अक्षरांत नाही. 'महाराष्ट्र'ची पायथॉनमधली लांबी १०, बाइट ३०. इंग्रजी डेटावर सगळ्या टेस्ट पास होतात, मराठी डेटा आला की प्रतिसाद मध्येच कापला जातो आणि ग्राहकाला 'अनपेक्षित शेवट' अशी एरर दिसते.

जाता जाता 'दुसऱ्या' या शब्दाबद्दल. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: वेगळं 'ऱ' अक्षर आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. साफसफाई म्हणून 'न दिसणारी अक्षरं' काढून टाकणारा कोड कुणी सिरियलायझरमध्ये घातला, तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या शब्दातला रफार चुकीच्या जागी उडी मारतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी रूपांतरही या दोन तऱ्हा एक करत नाही. ती जुळवणी करायचीच असेल तर शोधाच्या वेळी करा, पाठवायच्या मजकुराला हात लावू नका.

## ६. आता लायब्ररी

पहिल्या पायरीतला तिसरा आकडा, म्हणजे जेसन बनवण्याचा वेळ, अजूनही मोठा असेल तरच. ओआरजेसन वेगवान आहे, पण अंगभूत लायब्ररीच्या जागी तशीच बसत नाही. ती स्ट्रिंग देत नाही, बाइट देते. ते बाइट स्ट्रिंग करून फ्रेमवर्ककडे देणारे, आणि फ्रेमवर्क त्यांचे पुन्हा बाइट करणारे, असे प्रकल्प असतात. मिळवलेला वेग तिथेच परत जातो. डेसिमल ती स्वतःहून लिहीत नाही, रूपांतराचं फंक्शन द्यावं लागतं. स्ट्रिंग नसलेल्या किल्ल्यांसाठी वेगळा पर्याय सुरू करावा लागतो. आणि नॅन आलं तर एरर न देता 'नल' लिहिते, म्हणजे चौथ्या पायरीतली चूक आता लपून बसेल.

पिकल, म्हणजे पायथॉनची स्वतःची सिरियलायझेशन पद्धत, याबद्दल एकच सांगायचं आहे. बाहेरून आलेला डेटा पिकलने कधीही उघडू नका, कारण उघडतानाच त्यातून कोणताही कोड चालवता येतो. जँगोने १.६ पासून सेशनसाठी जेसन हेच मूळ सेटिंग केलं ते उगाच नाही.

## ७. काँप्रेशन सुरू आहे याची खात्री करा

'एनजिनएक्समध्ये जीझिप ऑन आहे' (वेब सर्व्हरवर काँप्रेशन सुरू आहे) हे उत्तर पुरेसं नाही. जीझिप सुरू केलं तरी मूळ सेटिंगमध्ये ते फक्त एचटीएमएलला लागतं. जेसनचा प्रकार 'जीझिप टाइप्स'मध्ये स्वतः लिहावा लागतो. उबंटूवर सोबत येणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये जीझिप सुरू असतं, पण प्रकारांची ओळ कॉमेंट केलेली असते. फाइल उघडून 'ऑन' वाचणारा माणूस समाधानाने ती बंद करतो, आणि जेसन वर्षभर तसंच जातं.

किमान लांबीची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये २० बाइट आहे. ती वाढवून हजाराच्या आसपास न्या. चिमुकल्या प्रतिसादांना काँप्रेशनचा फायदा नसतो, कधीकधी आकार वाढतोच. पातळी मध्यम ठेवा. नऊवर नेल्याने सीपीयू तापतो, बाइट फारसे घटत नाहीत.

इशारा: गुप्त टोकन आणि वापरकर्त्याने पाठवलेला मजकूर एकाच काँप्रेस केलेल्या प्रतिसादात परत पाठवू नका. आकारातल्या फरकावरून टोकन ओळखणारा 'ब्रीच' हल्ला २०१३ मध्ये दाखवला गेला आहे.

## ८. पानं पाडा आणि न बदललेलं पुन्हा पाठवू नका

'दहा हजार ओळी सोडून पुढच्या ५० द्या' असं ऑफसेटने मागितलं तर डेटाबेस आधीच्या दहा हजार ओळी चाळून टाकून देतो. लांब याद्यांसाठी कर्सर वापरा: 'या क्रमांकानंतरच्या ५०'. क्रमवारीच्या रकान्यावर इंडेक्स हवा, आणि समान मूल्यांचा गोंधळ टाळायला क्रमवारीत प्राथमिक किल्लीही जोडा.

ईटॅगने, म्हणजे प्रतिसादाच्या ओळखखुणेने, न बदललेल्या यादीला ३०४ ('बदल नाही') उत्तर देता येतं. मात्र जँगोचं मिडलवेअर आधी पूर्ण प्रतिसाद तयार करतं आणि मग त्याचा ईटॅग काढतं. त्यात बँडविड्थ वाचते, सर्व्हरची मेहनत नाही. मेहनत वाचवायची तर 'शेवटचा बदल केव्हा' एवढी एकच स्वस्त क्वेरी करा आणि 'कंडिशन' डेकोरेटरला द्या.

सगळा संग्रह निर्यात करायचा असेल तर एक प्रचंड जेसन यादी बनवू नका. दर ओळीला एक स्वतंत्र जेसन ऑब्जेक्ट लिहा आणि प्रवाहाने पाठवत राहा. मेमरी एका तुकड्यापुरतीच लागते.

## ९. बायनरी फॉरमॅट हवा आहे का?

वाचनालयाला नको. प्रोटोकॉल बफर्स या बायनरी फॉरमॅटमध्ये स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणूनच जाते, त्यामुळे मराठी मजकुराने भरलेला प्रतिसाद त्यात फारसा आटत नाही. वाचतात ती फील्डची नावं, आणि वारंवार येणारी नावं जीझिप तसंही आटवतं. सेन्सरचे आकडे, गाड्यांचे जीपीएस बिंदू, किंवा दोन सर्व्हरमधली सतत चालणारी देवाणघेवाण असेल तर गोष्ट वेगळी.

तिकडे वळलात तर दोन नियम पाळा. १ ते १५ हे फील्ड क्रमांक एका बाइटमध्ये मावतात, ते नेहमी लागणाऱ्या फील्डसाठी राखा. आणि काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा कधीही वापरू नका, 'रिझर्व्ड' म्हणून नोंदवा. नाहीतर जुनं मोबाइल ॲप नव्या फील्डचे बाइट जुन्या अर्थाने वाचेल.

## १०. बदल उतरवताना

सुरुवातीला जपून ठेवलेली प्रत आता काढा आणि नव्या प्रतिसादाशी ताडा. आकार घटला, क्वेरी घटल्या, पण एखादं फील्ड गायब झालं का? 'नल' होतं तिथे आता फील्डच नाही, असं झालं का? सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच वाटतं. फोनवरच्या जुन्या ॲपला तसं वाटत नाही.

फील्ड वाढवणं सुरक्षित आहे. नाव किंवा प्रकार बदलणं नाही. क्रमांक स्ट्रिंग करायचा असेल तर जुनं फील्ड तसंच ठेवून नव्या नावाने स्ट्रिंग फील्ड द्या, ॲपची नवी आवृत्ती बाजारात जाऊ द्या, जुन्या आवृत्त्यांच्या विनंत्या लॉगमध्ये दिसेनाशा झाल्या की मगच जुनं फील्ड काढा. आणि ते शुक्रवारी संध्याकाळी काढू नका.